घरगुती फराळाचा धंदा आणि घर, दोन्ही सांभाळायचं तर आधी ऑर्डर बंद करायला शिका

घरून धंदा करणाऱ्या बाईला लोक पहिलं वाक्य ऐकवतात ते "बरं आहे बाई तुझं, घरच्या घरी होतं सगळं". गोची तिथेच आहे. घरच्या घरी होतं म्हणजे कधीही होतं, पहाटे साडेपाचला पण होतं आणि रात्री सगळे झोपल्यावर साडेअकराला पण होतं, आणि मधल्या वेळात पोरांचा डबा, सासऱ्यांची गोळी, दारावरचा इस्त्रीवाला हे सगळं चालूच असतं. पहाटे लवकर उठा, टू-डू लिस्ट करा, असल्या टिप्सचा आपल्याला काही उपयोग नाही, आपण उठतोच की पाचला. प्रॉब्लेम आहे तो आपल्या कामाला शेवट नसण्याचा, त्यामुळे शेवट कसा लावायचा तेवढंच इथे सांगते. मी फराळ, मोदक, पुरणपोळ्या यांच्याबद्दल लिहिते कारण रोजचं काम तेच, पण पोळीभाजीचे डबे देणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, घरी क्लास घेणाऱ्यांना पण यातलं बरंच लागू पडेल.

पहिली पायरी: प्रत्येक पदार्थाला अनारशाचा नियम लावा

अनारसे "उद्या हवेत" असं कोणी म्हटलं तर आपण काय सांगतो? बिनधास्त नाही म्हणतो. कारण तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग निथळून फडक्यावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच बारीक दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा मळून ठेवायचा, तो चार-पाच दिवस तरी मुरणार. आणि मग एकेक अनारसा खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद तुपात, न उलटता, वरून झाऱ्याने तूप उडवत तळायचा. घाई केली की अनारसा हसतो, तुपात विरघळून जातो, तूप पण गेलं आणि पीठ पण. हे गिऱ्हाइकाला पण माहीत असतं म्हणून कोणी हुज्जत घालत नाही.

मग चकलीला, लाडवाला, करंजीला आपण का लाजतो? कारण ते एका दिवसात "होऊ शकतं". होऊ शकतं हे खरं, पण ते रात्रीच्या झोपेतून नाहीतर पोराच्या अभ्यासाच्या वेळेतून कापून होतं. म्हणून एक कागद घ्या आणि आपण जे जे विकतो त्याच्यापुढे लिहा की ऑर्डर किती दिवस आधी हवी. उदाहरणार्थ, अनारसे बारा दिवस, करंज्या पाच दिवस, चकली-शेव चार दिवस, रव्याचे लाडू तीन दिवस, पुरणपोळी दोन दिवस, उकडीचे मोदक आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. हे माझे आकडे आहेत, तुमचे तुमच्या हाताप्रमाणे टाका, पण कागदावर टाका. डोक्यातला नियम गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे दोन मिनिटं पण टिकत नाही.

आणि सणाच्या ऑर्डरी कधी बंद होणार ती तारीख रेटकार्डवरच छापा, रेटच्या वर, मोठ्या अक्षरात. दिवाळीचा फराळ असेल तर वसुबारसेच्या आधी आठ दिवस ऑर्डरी बंद, धनत्रयोदशीला दुपारी शेवटचं पॅकेट घराबाहेर. नरकचतुर्दशीला पहाटे आपल्या घरी पण अभ्यंगस्नान असतं, उटणं लावायचं असतं, त्या दिवशी कोणाचा राहिलेला अर्धा किलो चिवडा भरत बसायचं नाही म्हणजे नाही.

दुसरी पायरी: आपल्याकडून किती होतं ते किलोत काढा

"जमेल तेवढं घेते" हे वाक्य फार धोक्याचं आहे. समजा तुम्ही तासाला दीड किलो चकली तळता. सकाळी पोरं शाळेत गेल्यापासून तुमच्याकडे तीन तास मोकळे आहेत, म्हणजे साडेचार किलो झाली असं वाटतं. पण भाजणी भाजायची, गिरणीत नेऊन आणायची, उकड काढायची किंवा मोहन घालून मळायची, सोऱ्या भरायचा, तळून झाल्यावर चकली पूर्ण गार होऊ द्यायची कारण कोमट असताना भरली की पिशवीत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते, मग वजन, पॅकिंग, लेबल, कढई घासणं, ओट्यावरचे तेलाचे थर काढणं, आणि मग "ताई, खाली आलोय" म्हणणाऱ्याला पिशवी द्यायला जिना उतरणं. हे सगळं धरलं तर तळायला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच वेळ बाकीच्याला लागतो. म्हणून सोपा हिशोब ठेवा, तळण्याचा किंवा वळण्याचा जो वेळ निघेल तो दुप्पट करा. म्हणजे तीन तासात सव्वादोन किलोच. आठवड्याला पाच दिवस धरले तर अकरा किलो, बस. बाराव्या किलोला "या आठवड्याचं भरलं, पुढच्या सोमवारी देते" असं सांगायचं.

हा हिशोब घालताना सहावा आणि सातवा दिवस पकडायचा नाही. एक दिवस घरचा आणि एक दिवस मागे राहिलेल्याचा, कारण काही ना काही मागे राहतंच, लाइट जाते, गिरणी बंद असते, पोराला ताप येतो.

लिज्जत पापडचं उदाहरण मला या बाबतीत फार पटतं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम, सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, पण त्यातली पद्धत बघा. भगिनी सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ मोजून घरी नेतात, घरी पापड लाटतात, वाळवतात, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिले की त्याचा हिशोब होतो. म्हणजे काम घरात होतं, पण ते वजनाने मोजून आत येतं आणि मोजून बाहेर जातं. आपल्याकडे पीठ मोजून देणारं केंद्र नाही, तो काटा आपणच हातात धरायचा.

तिसरी पायरी: फोन

खरं सांगायचं तर गॅसपेक्षा जास्त वेळ फोन खातो. रात्री दहाला "भाजणीत धने असतात का हो?", मग "रेट पाठवा ना", मग नुसतंच "हाय". आपण उत्तर देतो कारण वाटतं ऑर्डर जाईल. सहसा जात नाही, ज्याला तुमच्या हातचे बेसनलाडू हवेत तो सकाळी दहापर्यंत थांबतो.

धंद्याचा नंबर वेगळा करा, फोन ड्युअल सिम असेल तर नवा फोन घ्यायची पण गरज नाही, दुसऱ्या सिमवर व्हॉट्सॅप बिझनेस टाका, ते फुकट आहे. त्यात तीन गोष्टी आजच करून टाका. एक, कामाची वेळ. दोन, त्या वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज. तीन, क्विक रिप्लाय, म्हणजे रेटकार्ड, पत्ता, पेमेंटचे डिटेल्स हे एकदा सेव्ह केलं की तिरकी रेघ टाइप करून एका टचमध्ये जातं, रोज तेच तेच लिहायला लागत नाही. कॅटलॉगमध्ये फोटो आणि रेट टाकून ठेवले की निम्मे प्रश्न तर येतच नाहीत.

मेसेज असा काहीतरी ठेवा: "नमस्कार, तुमचा मेसेज मिळाला. ऑर्डरसाठी मी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत उत्तर देते. पदार्थाचं नाव, वजन आणि कधी हवं ते लिहून ठेवा, म्हणजे लगेच कन्फर्म करता येईल. रविवारी काम बंद असतं." गोड आहे, स्पष्ट आहे, आणि कुठेही सॉरी नाही. सॉरी लिहायचं नाही, दुकानाचं शटर सॉरी म्हणत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ऑर्डर घेऊ नका, तिथे जाहिरात टाका आणि "ऑर्डर फक्त या नंबरवर" असं लिहा, नाहीतर गणपती-मंडळाची वर्गणी, पाण्याचा टँकर आणि तुमचे एकवीस मोदक एकाच ढिगाऱ्यात जातात आणि कोणाचे तरी मोदक राहतात.

चौथी पायरी: ओटा एकच आहे

वेगळं किचन कितीजणींकडे असतं? वन बीएचकेत तर नाहीच. मग जागा वाटता येत नसेल तर वेळ वाटायची. घरचा स्वयंपाक आधी पूर्ण उरकायचा, डबे भरायचे, ओटा पुसायचा, आणि मगच धंद्याची कढई चढवायची. उलटं केलं की घरचे दुपारी तीनला जेवतात आणि कोणी काही बोललं नाही तरी ते चेहऱ्यावर दिसतं.

धंद्याची भांडी, डबे, झारे, सोऱ्या यांचा एक कप्पा वेगळा करा. रॅक नसेल तर झाकणाचं मोठं पिंप चालतं. तेलाचा डबा वेगळा, साखर वेगळी, वेलची तर नक्की वेगळी, चहात घालायला कोणीतरी काढतंच. यात स्वच्छतेचा भाग आहेच पण मुख्य म्हणजे काम संपलं की कप्पा बंद करता येतो, आणि डोळ्यासमोर पसारा नसला की डोकं पण थोडं शांत होतं.

गॅसचं पण इथेच सांगते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर हा घरच्या स्वयंपाकासाठीच असतो, धंद्याला तो वापरणं नियमात बसत नाही, त्यासाठी १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर असतो. महाग पडतो, मान्य, पण त्याने धंद्याचा खरा खर्च कळतो आणि ऐन दिवाळीत घरचा गॅस संपून कुकर अडकत नाही. काहीजणी तळण सोडून भाजणं, साटोऱ्या, नानखटाई यासाठी इंडक्शन-ओव्हन वापरतात, तो पण मार्ग आहे, फक्त वीजबिलाचा वाटा धंद्याच्या वहीत टाका.

पाचवी पायरी: पैसे, कारण कमी रेट म्हणजे जास्त तास

रेट आणि घर यांचा काय संबंध असं वाटेल, पण सगळ्यात जवळचा संबंध तोच आहे. रेट कमी लावला की महिन्याला ठरलेले पैसे सुटायला जास्त किलो करायला लागतात, जास्त किलो म्हणजे जास्त तास, आणि ते तास घरातूनच येतात. बऱ्याचजणी माल धरतात, गॅस धरतात, पिशवी धरतात, आणि स्वतःची मजुरी धरतच नाहीत. "माझं काय, मी घरीच असते." पोळ्या करायला मावशी बोलावल्या तर त्या किती घेतील ते बघा आणि निदान तेवढी तरी स्वतःची मजुरी धंद्याच्या वहीत रोज लिहा. मग रेट काढा. काही गिऱ्हाइकं गळतील, ती गळलेली बरी.

बँकेत वेगळं खातं, त्याचाच क्यूआर कोड. घरचा किराणा त्या खात्यातून नाही आणि धंद्याचा माल घरखर्चातून नाही. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्या खात्यातून स्वतःचा पगार घरच्या खात्यात घ्या, मग "हिचं काही सुटतं का?" या प्रश्नाला आकडा दाखवता येतो, आणि आकडा दाखवला की घरातली मदत पण वाढते, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी, सणाच्या ऑर्डरीला पूर्ण. ॲडव्हान्स न देता "करून ठेवा, घेऊन जाते" म्हणणाऱ्या काकू किती ही प्रेमळ असल्या तरी हाच नियम.

कागदपत्रांचं थोडक्यात: खायचे पदार्थ विकताय तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन हवंच, छोट्या धंद्याला बेसिक प्रकार पुरतो, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतं आणि मिळालेला १४ आकडी नंबर लेबलवर छापायचा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, त्याचे कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ही कामं जून-जुलैत उरका, सणाच्या तोंडावर नको.

सहावी पायरी: घरच्यांशी बोलणं

हे सगळ्यात अवघड, कारण गिऱ्हाइकाला मेसेज पाठवता येतो, सासूबाईंना पाठवता येत नाही.

एक करा, "मला मदत करा" असं मोघम बोलू नका. मोघम मागितलं की मोघम मिळतं. कामाचं नाव घ्या, वेळ सांगा. "अहो, मंगळवारी आणि शुक्रवारी गिरणीतून दळण तुम्ही आणायचं." "आई, दुपारी दोन ते चार बेल वाजली तर तुम्ही बघाल का, मी तळत असते तेव्हा हात सोडता येत नाही." "आर्या, लेबलं चिकटवायची, शंभर लेबलांचे एवढे पैसे." हो, मुलांना पैसे द्या, वहीत लिहून. फुकटच्या कामाला दोन दिवस उत्साह असतो, तिसऱ्या दिवशी पोट दुखतं.

सासूबाईंकडून चव आणि प्रमाण बघून घ्या, त्यांच्या हातची भाजणी असेल तर पाकिटावर तसं लिहा सुद्धा, पण पूर्ण कष्टाचं काम त्यांच्या अंगावर टाकू नका. सत्तरीच्या बाईला गुडघे दुखत असताना करंज्या भरायला बसवणं आणि मग बाहेर "आमच्या आईंचा फार सपोर्ट आहे" म्हणणं हे मला काही पटत नाही. हातमदत विकत घ्या. सणाच्या आधीच्या पंधरा दिवसांसाठी लाटायला-भरायला एखादी मावशी ठरवा, रोजाने किंवा किलोवर, आणि तिची वेळ पण संध्याकाळी सहाला संपते हे लक्षात ठेवा, तिला पण घर आहे.

"तू घरीच असतेस ना" याचं काय करायचं? नणंदेचं पार्सल घेणं, शेजारच्यांची किल्ली ठेवणं, पॅरेंट्स मीटिंगला कायम आपणच जाणं, हे सगळं या एका वाक्यावर येतं. भांडून उपयोग नाही. मी कॅलेंडरवर कामाचे तास लाल पेनाने आखून ते फ्रिजला लावायचा सल्ला देते, आणि त्या तासात कोणी काही सांगितलं तर "एक वाजता करते" एवढंच. नाही म्हणायचं नाही, वेळ सांगायची. महिनाभरात लोक स्वतःच एक वाजता फोन करायला लागतात.

सातवी पायरी: रोजचा तोल सोडा, वर्षाचा धरा

रोज घर आणि काम निम्मं-निम्मं व्हायला पाहिजे ही अपेक्षाच चुकीची आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी उकड काढताना कोण घराकडे बघणार? आपला धंदा पंचांगावर चालतो, त्यामुळे दरवर्षी नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की एक दुपार बसा आणि बारा महिने आखा. कामाचे महिने ठरलेले: संक्रांतीला तिळाचे लाडू आणि गुळपोळी, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, एप्रिल-मेमध्ये कुरडया-पापड-सांडगे, मग श्रावण, गणपती, नवरात्रात उपासाचं, दिवाळी. अधिक महिना आला तर जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे, साधारण पावणेतीन वर्षांनी येणारी ही लाट, २०२३ ला श्रावणात होती, २०२६ ला ज्येष्ठात.

आता त्याच कॅलेंडरवर दुसऱ्या रंगाने घरचं लिहा. मुलाची दहावी-बारावी असेल तर फेब्रुवारी-मार्च आणि होळीच्या पुरणपोळ्या आमनेसामने येतात, त्या वर्षी होळीची ऑर्डर निम्मी घ्यायची हे जानेवारीतच ठरवा आणि जुन्या गिऱ्हाइकांना तेव्हाच सांगा. वाळवणाचे दिवस म्हणजेच पोरांची सुट्टी, मग गावाला जायचं कधी? एप्रिलचा पहिला पंधरवडा वाळवणाला आणि मे महिन्यातले आठ दिवस कोकणात, असं लिहूनच टाका. आणि तुळशीचं लग्न झालं की संक्रांतीपर्यंत जरा मोकळीक असते, ती नवीन पदार्थ ट्राय करण्यात घालवू नका. डोळ्यांची तपासणी, दात, राहिलेली लग्नकार्यं, नुसतं दुपारी झोपणं, याच्यासाठी ते दिवस आहेत.

नातेवाईक, आजारपण आणि सुट्टी

नातेवाइकांसाठी एक ठरवा, भेट म्हणून द्यायचं ते मनापासून आणि फुकट द्या, विकत द्यायचं ते पूर्ण रेटने द्या. मधलं "घरच्यांसाठी थोडं कमी" हे ठेवू नका. त्याने ना नातं खूश राहतं ना वही. मावशी म्हणाल्याच की "अगं, आम्हाला पण एवढाच रेट?" तर सांगा, "मावशी, तुमच्यासाठी पाव किलोचा डबा माझ्याकडून आहेच, बाकीचे दोन किलो ऑर्डरमध्ये धरते."

आजारी पडलो तर काय, हे आजारी पडायच्या आधी ठरवायचं असतं. तुमच्याच भागात, तुमच्यासारखंच काम करणारी एक-दोघी गाठा, त्यांचं खाऊन बघा, आणि आपसात ठरवा की अडचण आली तर एकमेकींची ऑर्डर पूर्ण करायची. पदार्थ तिच्या नावानेच, तिच्याच लेबलने जाईल, गिऱ्हाइकाला आधी विचारूनच जाईल, आणि पैसे पूर्ण तिला, कमिशन नाही. स्पर्धेतली बाई म्हणून लांब राहू नका, दिवाळीत दोघींकडे पण होईल त्यापेक्षा जास्त ऑर्डरी येतात. तिचा आणि तुमचा रेट आधी समोरासमोर ठेवा, किलोमागे वीस-तीस रुपयांचा फरक असेल तर तो कोणी सोसायचा तेही तेव्हाच बोलून घ्या, आणि दोघींनी एकाच आठवड्यात गावाला जायचं नाही एवढं बघा.